जुनी एस-क्लास घ्याच!

९-१० लाख रुपये हाताशी आहेत आणि तुम्ही नवी हॅचबॅक बुक करायला निघालात? असं मन मारून जगू नका. तेवढ्याच पैशांत मर्सिडीजची एस-क्लास मिळते. डब्ल्यू-२२१ म्हणतात तिला. २००५ साली जगात आली, २०१३ पर्यंत निघत राहिली. आपल्याकडच्या गाड्यांची जुळणी पुण्यातच व्हायची, म्हणजे तशी ती गाववालीच. नवी होती तेव्हा ८० लाखांच्या पुढं होती, आज हॅचबॅकच्या भावात पडते. मधले ७० लाख कुठं गेले, असले क्षुद्र प्रश्न विचारू नयेत. ते कुठंही गेलेले नाहीत. स्पेअर पार्टच्या काउंटरवर तुमची वाट बघत बसलेत.

गाडी बघायला जाताना जाणकार माणूस सोबत नेऊ नका. जाणकारांकडे स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरांतली नोंद वाचणारं यंत्र, असतो आणि स्कॅनर हा चहाडखोर प्राणी आहे. मीटरवर ६० हजार किलोमीटर दिसत असताना तो भलत्याच मॉड्यूलमध्ये तोंड घालून दीड-पावणेदोन लाखांचा आकडा उकरून काढू शकतो. कशाला शुभकार्यात विघ्न? तुम्ही सरळ मागच्या सीटवर जाऊन बसा. दार नुसतं टेकवलं की स्वतःच ओढून घेतं. बटण दाबलं की मागच्या काचेवर पडदा चढतो. पाठ रेलते, पाय पसरतात. व्यवहार त्याच क्षणी करायचा. पुढच्या सीटवर बसलात तर डॅशबोर्ड दिसतो आणि मन कलुषित होतं.

दिल्लीहून आलेली मिळाली तर सोन्याहून पिवळं. तिथं १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना हरित लवादानं २०१५ साली मज्जाव केला, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच म्हटलं, आणि राजधानीतलं ऐश्वर्य ट्रेलरवर चढून आपल्याकडं यायला लागलं. एनओसी, पासिंग, रोड टॅक्स, ‘सगळं करून देतो’ असं एजंट म्हणेल. म्हणू द्या. टॅक्स काढताना आरटीओ तुम्ही मोजलेले पैसे बघत नाही, गाडीची मूळ किंमत आणि वय बघतं. हे त्याला आज ठाऊक आहे, तुम्हाला पुढच्या महिन्यात होईल. ज्ञान असं टप्प्याटप्प्यानंच मिळावं.

गाडी घरी आली की पहिले काही दिवस फार सुंदर जातात. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मग एके सकाळी पार्किंगमध्ये उतराल तर गाडी पुढच्या डाव्या चाकावर बसलेली असेल, सरीत बैलानं बसकण मारावी तशी. घाबरू नका. तिला स्प्रिंगच नाहीत. एअरमॅटिक सस्पेन्शन असतं, म्हणजे २ टनांचा तो सगळा बडेजाव चार रबरी फुग्यांतल्या हवेवर तोललेला असतो. रबर १०-१२ वर्षांत चिरतं, रात्रभर हवा सुटते, सकाळी कोपरा खाली. तुम्ही बघायला गेलात तेव्हा विक्रेत्यानं गाडी आधीच चालू करून ठेवली होती, आठवतंय? तुम्हाला एसीची सोय वाटली. ती हवा भरायची सोय होती.

इथं दोन मार्ग आहेत. भित्री माणसं लगेच स्ट्रट, म्हणजे फुग्यासकटचा अख्खा खांब, बदलतात. पुढचा एक ओरिजिनल घ्यायला गेलात तर लाखाच्या घरात जातो, शिवाय मेकॅनिक म्हणतो, ‘साहेब, जोडीनं टाका, नाहीतर दुसरा महिन्याभरात येणारच आहे.’ तुम्ही तसं करू नका. गाडी सुरू केली की उठते ना? मग झालं तर. गळकी हवा भरून काढायला कॉम्प्रेसर बिचारा अहोरात्र राबतो, राबून राबून तापतो, जळतो, त्याला चालू-बंद करणारा रिलेही चिकटतो. आता तुम्हाला स्ट्रट आणि कॉम्प्रेसर दोन्ही घ्यायचे आहेत. एका दुरुस्तीच्या जागी दोन, आणि तेही काहीच न करता. मधल्या काळात डॅशबोर्डवर ‘स्टॉप, व्हेईकल टू लो’ असं लाल अक्षरांत येईल. सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर पोट घासल्याचा आवाज आला की त्या वाक्याचा अर्थ चटकन उमगतो. कोणीतरी हवा काढून साधे स्प्रिंग बसवायचं किट सुचवेल. बसवा की! मग तुमच्याकडे पाठीमागे पडदा असलेली, मणक्याला जाणवणारी, पण डॅशबोर्डवर दिवा सतत पेटलेली एस-क्लास असेल.

सस्पेन्शन हा वरवरचा आजार झाला. खरा रसिक इंजिनाकडे वळतो. ३ लिटरचं व्ही-६ डिझेल, ओएम-६४२. इंजिन खरोखर उत्तम आहे, लाखो किलोमीटर चालतं, हे मी उपरोधानं म्हणत नाही. फक्त जर्मन इंजिनिअरांनी ऑइल कूलर नेमका दोन बाजूंच्या सिलिंडरांच्या मधल्या खोलगट जागेत बसवला, त्याच्यावर इनटेक, टर्बो अशी सगळी मंडळी रचली, आणि खाली दोन छोटे रबरी सील दिले. ते सील उष्णतेनं कडक होतात आणि तेल पाझरू लागतं. सीलची किंमत ऐकाल तर हसाल, त्यापेक्षा महाग पिझ्झा येतो. मात्र तिथं हात पोचेपर्यंत वरचं अर्धं इंजिन उचलून टेबलावर मांडावं लागतं, आणि उतरवलंच आहे तर गॅस्केट नवी, होस नवे, मजुरी वेगळी. बिल लाखाकडे सरकतं. त्यात तेल मधल्या खळग्यात साचून मागं ओघळतं आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यातून खाली ठिबकतं. साहजिकच नाक्यावरचा मिस्त्री ‘क्रँक सील गेलं’ म्हणून आधी गिअरबॉक्स उतरवतो. तो अनुभव चुकवू नका. गिअरबॉक्स उतरवल्याचे पैसे द्या, नवं क्रँक सील बसवा, मग पुन्हा ठिबकलेलं तेल बघा.

गिअरबॉक्स ७-स्पीडचा. त्याचा मेंदू, म्हणजे कंट्रोल युनिट, आतच गरम तेलात बुडवून ठेवलाय. तिथले स्पीड सेन्सर गेले की गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे लंगडत चालायच्या अवस्थेत, जाते आणि एका गिअरला चिकटून बसते, बहुतेक वेळा खंबाटकीच्या चढावर किंवा सासुरवाडीच्या दारात. ‘जुना सेकंड-हँड युनिट मायापुरीतून मागवू’ असं कोणी म्हणेल, म्हणजे दिल्लीच्या भंगार बाजारातून. मागवा, पण तो दुसऱ्या गाडीच्या चोरीरोधक यंत्रणेशी बांधलेला असतो. योग्य कोडिंग होईपर्यंत तुमच्या गाडीला तो ओळखच देत नाही.

आता बचतीबद्दल बोलू, कारण बचत आहे. १५०० सीसीच्या वरच्या सगळ्या खासगी गाड्यांना थर्ड पार्टी विम्याचा दर एकच, ७,८९७ रुपये. तुमच्या ३ लिटरच्या मर्सिडीजला आणि कोण्या फॉर्च्युनरला तोच. या गाडीच्या नावावर चार आकडी बिल येण्याचा हा दुर्मीळ प्रसंग. पावती फ्रेम करून ठेवा. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता पार्टचे पूर्ण पैसे देणारा विमा, मात्र या वयाच्या गाडीला विचारू नका, विमा कंपनीच्या माणसालाही कुटुंब असतं.

एवढं ऐकून ‘मग ई-क्लास घेऊ का’ असं वाटत असेल तर तीही छान आहे. २००६ च्या आधीची डब्ल्यू-२११ शोधा. तिच्यात इलेक्ट्रॉनिक ब्रेक आहेत. पंप किती वेळा चालला त्याचा हिशेब गाडी स्वतः ठेवते आणि ठरलेला आकडा गाठला की पंप बदला म्हणते. ही यंत्रणा पुढं कंपनीनंच सोडून दिली. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ब्रेक किती वेळा दाबावा लागतो, याचा अंदाज तिकडं स्टुटगार्टात, कंपनीच्या मुख्यालयात, कोणाला असणार?

नंबर मात्र भारी घ्या. २०२४ च्या दरवाढीनंतर ०००१ साठी राज्यात ५ लाखांपासून पुढं मोजावे लागतात, म्हणजे निम्म्या गाडीइतके. तो पार्ट एकटाच असा आहे की गळत नाही.

आणि दोन-तीन वर्षांनी विकायची वेळ येईल तेव्हा बिलांची फाइल गिऱ्हाइकाला दाखवू नका. बेरीज करायची सवय असलेली माणसं असतात. जाहिरात थोडक्यात लिहा: ‘डॉक्टरची गाडी, एअर सस्पेन्शन नवं, ऑइल सील नवे, एक रुपयाचं काम नाही.’ गिअरबॉक्सचं त्यानं विचारलं तरच बोला.