आधी पाणी, मग चित्रं?

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर बाप-लेकीचा वाद पेटला. माझी भाची संभाजीनगरात चित्रकला शिकते. तिनं लिहिलं, शहराला महापालिकेचं स्वतःचं कलादालन हवं. दर दोन-तीन महिन्यांनी नवं प्रदर्शन लागणारं, कुणालाही फुकट आत जाता येईल असं. दादांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, एका ओळीत उत्तर दिलं: "आधी नळाला पाणी येऊ द्या, मग भिंतीला चित्रं लावा." त्याखाली भराभर अंगठे पडले. मग भाचीनं मला वेगळा मेसेज केला, "आत्या, तू तरी बोल."

दादांचं म्हणणं मला उडवून लावता येत नाही. नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, पन्नासेक किलोमीटरवर, आणि त्यांच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. मागच्या दिवाळीत गेले होते तेव्हा वहिनी रात्री दोनला उठून मोटार लावायच्या. पिंप, बादल्या, पातेली भरून झाली की शेवटी कुकरही भरून ठेवायच्या. झाकण लावताना म्हणाल्या, "उद्या वरण दुसऱ्या भांड्यात करू." असं घर चालवणाऱ्या बाईला चित्रांचं महत्त्व समजावून सांगायला मी इंग्लंडहून जावं, हे मला पटत नाही.

पण "आधी हे, मग ते" हा क्रमही पटत नाही, आणि त्याला कारण मी राहते ते गाव आहे. बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेनं 1875 मध्ये गॅस आणि 1876 मध्ये पाणीपुरवठा खासगी कंपन्यांकडून स्वतःच्या ताब्यात घेतला. कारखान्यांच्या आजूबाजूला दाटीच्या, गलिच्छ वस्त्या होत्या, विहिरींचं पाणी खराब होतं. त्याच काळात गॅसच्या कमाईतून, गॅस खात्याच्या कचेऱ्यांवर मजला चढवून पालिकेनं कलादालन बांधलं. ते 1885 मध्ये उघडलं. वेल्सच्या डोंगरातून शंभरावर किलोमीटरचा प्रवास करून शहराला चांगलं पाणी आलं ते 1904 मध्ये. म्हणजे चित्रं एकोणीस वर्षं आधी लागली. पाणी काही त्यांच्यामुळं अडलं नाही. दोन्ही कामं एकाच पालिकेनं बरोबरीनं रेटली.

इथं सगळं गोडच आहे असं मी म्हणत नाही. 2023 च्या सप्टेंबरात हीच पालिका आर्थिकदृष्ट्या कोलमडली. शहरातल्या नामांकित कलासंस्थांचं अनुदान तिनं आधी निम्म्यावर आणलं आणि पुढच्या वर्षी पार बंद केलं. मला तो निर्णय साफ चुकीचा वाटतो. याच कलादालनाच्या संग्रहात बिहारच्या सुलतानगंजला रेल्वेच्या कामात सापडलेला तांब्याचा बुद्ध आहे, माणसाहून उंच, अर्ध्या टनाचा. अजिंठ्याच्या मुलखातली मी. तो इथं कसा आला, हे मुलीला सांगताना दर वेळी माझा आवाज बदलतो.

तरीही एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. जुनं वायरिंग बदलण्यासाठी दालन 2020 पासून, 2022 मधले काही महिने सोडले तर, बंदच होतं. पालिकेकडं पैसा नव्हता, पण 2024 च्या ऑक्टोबरात ते पुन्हा उघडलं. सगळं एकदम नाही, जेवढं तयार झालं तेवढं. प्रवेश फुकटच राहिला. त्या वेळी आत अर्पिता शाह यांची छायाचित्रं होती, याच भागात वाढलेल्या, आपल्यासारख्या दक्षिण आशियाई घरांतल्या तरुण मुलींची. माझी नऊ वर्षांची मुलगी एका फोटोसमोर थांबली आणि विचारलं, "हिनं काय केलं म्हणून हिचा फोटो लावला?" मी म्हटलं, "काही नाही. ती इथली आहे." ती बराच वेळ तिथून हलली नाही.

पुढं 2025 च्या जूनमध्ये तिथंच ऑझी ऑसबॉर्नवर प्रदर्शन लागलं. अ‍ॅस्टनच्या गरीब वस्तीतला, कधीकाळी कत्तलखान्यात राबलेला हा गायक. एरवी कलादालनाकडं न फिरकणारी माणसं काळे टी-शर्ट घालून रांगेत उभी राहिली. पालिकेच्या भिंतीवर आपलं माणूस पाहायला मिळतंय म्हटल्यावर येणारच ना!

आपल्याकडं भिंती नाहीत, असं नाही. अजिंठ्याच्या पायथ्याशी जपानी कर्जातून प्रचंड पर्यटक केंद्र बांधलं, 1, 2, 16 आणि 17 क्रमांकाच्या लेण्यांच्या प्रतिकृती केल्या. 2013 मध्ये ते सुरू झालं आणि काही वर्षांत वीज आणि पाण्याची बिलं थकली म्हणून त्याला कुलूप लागलं. बांधायला पैसा मिळाला, चालवायला ठेवलाच नाही. एका तालुक्याच्या गावी तर मी मुलीला घेऊन वस्तुसंग्रहालयाच्या दारात पाऊण तास उभी होते. किल्ली ज्यांच्याकडं, ते लग्नाला गेले होते. मला त्या माणसाचा राग नाही. सगळं संग्रहालय एकाच माणसाच्या खिशात ठेवणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

म्हणून भाचीला मी सांगितलं, इमारत मागू नकोस, माणूस मागायला लाग. भूमिपूजन झालं की आपल्याकडं काम झालं असं समजतात. खरं काम त्यानंतरचं: पगारावर नेमलेला जाणकार, दर तीन महिन्यांनी उतरणारी आणि चढणारी चित्रं, खाली सोप्या मराठीत चार ओळी, जिल्हा परिषदेच्या शाळांना ठरलेले वार. एखादी जुनी सरकारी खोलीही चालेल. तिथं एकदा हिमरू कापडाचे उरलेसुरले विणकर आणि त्यांचे माग दाखवा. एकदा धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सापडलेल्या मातीच्या मूर्ती दाखवा. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या आयुष्यभर वेचल्या म्हणून आज राहिल्यात. आणि मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीत नंबर लागायची वाट पाहत वर्षं घालवणाऱ्या आपल्या मुलांना पहिली भिंत इथंच द्या.

परभणीला मी चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा दिली तेव्हा खरं रंगवलेलं एकही चित्र पाहिलेलं नव्हतं. ग्रेड मिळाली की पुढं उपयोग होतो, एवढंच माहीत. स्मरणचित्राच्या सरावाला सरांनी 'पाणवठा' विषय दिला. सगळ्या वर्गानं नदी काढली आणि डोक्यावर घागरी घेतलेल्या बायका. मी टँकर काढला, कारण माझ्या आठवणीत तोच होता. सर बराच वेळ बघत राहिले. मग चार टाचण्या काढून त्यांनी ते चित्र स्टाफरूमबाहेरच्या भिंतीवर लावलं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दिवसभर कुणी काही बोललं नाही. रात्री दादांचा मेसेज आला: "मी आलो होतो ते बघायला. सायकलवर. पाईपपाशी दोन बाया भांडत होत्या त्यात, एकीची घागर लाल होती."