‘सासऱ्याच्या केळीच्या पैशावर समुद्रात झोपून आलात’ या कमेंटला उत्तर

भाऊ, हनिमूनला आम्ही मालदीवमध्ये पाण्यावरच्या बंगल्यात राहिलो त्यावर मी लेख लिहिला होता, त्याच्यावरची तुमची कमेंट काल रात्री वाचली. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण आज दिवसभर ऑफिसात तेच डोक्यात फिरत राहिलं, व्हाउचर तपासताना पण तेच, म्हणून शेवटी लिहायला बसली. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमची कमेंट आधी इथे टाकते, एक शब्द न बदलता:

“ताई, मालदीवचा लेख वाचला. सासऱ्याच्या केळीच्या पैशावर समुद्रात झोपून आलात, त्यात एवढं लिहिण्यासारखं काय? श्रीमंतांचे चोचले. तेवढ्या पैशात तिथल्या गावाच्या बेटावर गेस्टहाऊसमध्ये किती दिवस निघाले असते, समुद्र तोच. टॅक्सचा आणि सी-प्लेनचा खर्च लेखात दिला नाही. अशा बंगल्यांनी प्रवाळ मरतं त्याबद्दल एक ओळ नाही. एजंटची जाहिरात वाटते. - शेतकरीपुत्र, रावेर.”

पहिलं वाक्य सोडलं तर बाकीचं मी शांतपणे वाचलं असतं. खर्चावर बोला, पर्यावरणावर बोला, लेख आवडला नाही तर तसं सांगा, मी कधी कोणाची कमेंट उडवलेली नाही. पण सुरुवातच तुम्ही माझ्या सासऱ्यांच्या खिशात हात घालून केली. कोणी सांगितलं तुम्हाला की पैसे त्यांचे होते? लेखात सासऱ्यांचा उल्लेख एका ठिकाणी आहे, ते आम्हाला भुसावळ स्टेशनवर सोडायला आले होते तिथे. तेवढ्यावरून तुम्ही पूर्ण हिशोब मांडून मोकळे झालात आणि तोही जगासमोर.

तुम्ही रावेरचे म्हणता ना, मग सीएमव्ही, म्हणजे केळीवरचा विषाणूचा रोग, काय असतो हे मी तुम्हाला सांगायला नको. आमच्या घरची मृगबाग, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला लावलेली केळी, लग्नाच्या आधीच्या पावसाळ्यात त्यानेच गेली. टिश्यू कल्चरची रोपं, पाच बाय पाच फुटांवर लावलेली, महिना दीड महिन्यातच पानांवर पिवळ्या पट्ट्या दिसायला लागल्या आणि मग एकामागून एक रांगच्या रांग. त्याच्यावर औषध नाही, रोप मुळासकट उपटून लांब नेऊन नष्ट करायचं एवढंच हातात असतं, नाहीतर मावा तोच रोग शेजारच्या बागेत घेऊन जातो. सासऱ्यांनी उभी बाग स्वतःच्या हाताने उपटली. रोपांचे पैसे गेले, लावणीचं खत गेलं, मजुरी गेली, आणि त्या हिवाळ्यात मी त्या घरात सून म्हणून गेली. त्या वर्षी आमच्या घरात केळीचा पैसा आलाच नाही भाऊ, मग तो आम्ही मालदीवला कुठून उडवणार? एका शेतकऱ्याच्या पोराने दुसऱ्या शेतकऱ्याच्या बागेबद्दल न विचारता असं लिहावं याचं मला जास्त वाईट वाटलं, पैशाच्या आरोपापेक्षाही.

पैसे कोणाचे होते ते आता सांगते, खरं तर सांगायची गरज नाही पण तुम्ही वेळ आणली. मी पतसंस्थेत नोकरीला लागल्यापासून पगारातून आरडी लावत आली, माझे वडील एसटीत कंडक्टर होते आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला आधी बाजूला काढायचं मग खर्च करायचा ही सवय त्यांनी लावली. अर्धे पैसे त्या आरडीचे. उरलेले मिस्टरांच्या ठिबकच्या दुकानातले. आणि लग्नात आम्ही दोघांनी मिळून काय काय नको म्हटलं ते पण ऐका, प्री-वेडिंग शूट नाही, ड्रोन नाही, हळदीला डीजे नाही. पंगतीला वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी, आपल्याकडे जे पूर्वीपासून असतं तेच. त्यावरून नातेवाइकांनी नावं ठेवली ती आम्ही ऐकून घेतली. आपल्या तालुक्यात एका रात्रीत डीजे आणि फटाक्यांवर जेवढा पैसा जातो त्याचा हिशोब कोणी विचारत नाही, तिथे सगळे नाचायला असतात, पण नवरा-बायको दोघंच कुठे चार दिवस गेले की सगळ्यांना हिशोब पाहिजे.

आता “लिहिण्यासारखं काय” याच्यावर येते, कारण तेच तुम्हाला कळलेलं नाही असं मला वाटतं.

आमचं घर मोठं आहे, माणसं भरपूर, आणि मला ते आवडतं, हे आधी लिहून ठेवते म्हणजे यावरून उद्या कोणी घरात भांडण लावायला नको. पण नवीन लग्न झालेल्या मुलीला अशा घरात स्वतःच्या नवऱ्याशी दोन वाक्यं सलग बोलायला मिळत नाहीत हे तुमच्या घरातल्या कोणत्याही बाईला विचारा. पाहुणे महिनाभर हटत नाहीत. आम्हा बायकांची अंथरुणं एका खोलीत, पुरुष ओट्यावर. देवदर्शनाला जायचं तर जीप भरून. दिवसा ह्यांनी मला नुसतं “चहा झाला का” विचारलं तरी चुलत सासूबाई मान वळवून बघायच्या. मे महिन्यात तर ४५ च्या वर पारा जातो, मग सगळं घर गच्चीवर झोपतं, तिथे काय बोलणार? माझी आई लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला गेली ती वणीला, सप्तशृंगीला, बरोबर आजी, दोन आत्या, काका आणि शेजारचे. आईने मला सांगितलंय की त्या पूर्ण प्रवासात ती आणि बाबा एसटीत एका बाकावर पण बसले नाहीत. सासूबाईंचं तर तेवढंही नाही. म्हणून आम्ही मालदीवचं काढलं तेव्हा सगळ्यात आधी त्याच म्हणाल्या, “जा माय, आमच्या वेळेला कोणी विचारलं नाही, तुम्ही तरी जाऊन या.” त्यांनी बरोबर त्यांचा बाळकृष्ण पण दिला होता, तो मुंबईला नणंदेकडे ठेवावा लागला कारण मालदीवमध्ये पूजेची मूर्ती न्यायला बंदी आहे, कस्टममध्ये काढून घेतात. (जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, दारूची बाटली पण चालत नाही, ड्यूटी फ्रीमधून घेतलेली असली तरी. दारू मिळते ती रिसॉर्टमध्ये.)

तर आम्ही तिथे जाऊन नेमकं काय विकत घेतलं, तर एकांत. मालदीवमध्ये साधारण बाराशे बेटं आहेत आणि वस्ती त्यातल्या दोनशेच्या आसपास बेटांवरच. बाकीच्यातली काही रिसॉर्टला दिलेली, आणि पद्धत अशी की एका बेटावर एकच रिसॉर्ट, गाव नाही, बाजार नाही. १९७२ मध्ये कुरुंबा नावाचं पहिलं रिसॉर्ट सुरू झालं तेव्हापासून हेच चालत आलंय. त्यात पाण्यावरचा बंगला म्हणजे बेटापासूनही बाजूला, लाकडी पुलावरून चालत जायचं आणि शेवटी आपलं दार. मागचा डेक समुद्राकडे तोंड करून असतो, दोन्ही बाजूंना आडोसा असतो, शेजारच्या बंगल्यातला माणूस तुम्हाला दिसत नाही आणि तुम्ही त्याला दिसत नाही. डेकवरून शिडी सरळ पाण्यात. पाणी कमरेएवढं, खाली पांढरी वाळू, म्हणून तो निळा-हिरवा रंग दिसतो, उथळ पाणी आणि प्रवाळाचा चुरा झालेली पांढरी वाळू, बाकी जादू काही नाही. खोलीत जमिनीला काचेचा चौकोन होता, रात्री खालचा दिवा लावला की शार्कची पिल्लं येऊन फिरायची, काळ्या टोकाच्या पंखांची, हातभर लांबीची, माणसाला काही करत नाहीत. आम्ही दोघं त्या काचेजवळ पालथे पडून तासन् तास बोलत होतो. ह्यांना लहानपणी तापी-पूर्णेच्या पाण्याची भीती का बसली हे मला तिथे कळलं, लग्न ठरल्यापासून इतक्या दिवसांत कधी विषयच निघाला नव्हता. ते बोलणं माझ्यासाठी लिहिण्यासारखं होतं, म्हणून लिहिलं. तुम्हाला त्यात फक्त झोपणं दिसलं. एका मुलीने हनिमूनबद्दल लिहिलं की वाचणाऱ्याचं लक्ष तिथेच जातं याला मी काय करू? हाच लेख एखाद्या मुलाने बुलेटवर लडाखला जाऊन आल्यावर लिहिला असता तर तुम्ही त्याला पेट्रोल कोणाच्या पैशाचं हे विचारलं असतं का? नसतं विचारलं.

चोचल्यांचं म्हणाल तर पाण्यावर खोल्या बांधायची ही सुरुवातच अडचणीतून झाली. १९६७ मध्ये पॅसिफिक महासागरात, फ्रेंच पॉलिनेशियातल्या रायातेआ बेटावर तीन अमेरिकन मित्रांच्या हॉटेलला धड वाळूचा किनारा नव्हता, म्हणून त्यांनी खोल्या खांबांवर पाण्यात नेल्या. मालदीवमध्ये ते नंतर आलं. आज ते महाग आहे हे मी कुठे नाकारलं? लेखात पहिल्याच परिच्छेदात महाग आहे असं लिहिलंय.

टॅक्सचं तुमचं म्हणणं मान्य, ते वेगळं लिहिलेलं नव्हतं. आमच्या कोटेशनमध्ये सगळं धरून एकच रक्कम होती म्हणून मी तीच दिली. जाणाऱ्यांसाठी आता देते: भाड्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, त्याच्यावर टीजीएसटी, म्हणजे पर्यटनावरचा जीएसटी, जो १ जुलै २०२५ पासून १७ टक्के झालाय, आधी १६ होता, आणि ग्रीन टॅक्स माणशी एका रात्रीला १२ डॉलर, जो जानेवारी २०२५ आधी ६ होता. वेबसाइटवर दिसणारा आकडा आणि हातात येणारं बिल यात म्हणून इतका फरक पडतो. बुकिंग करताना “हे सगळं धरून का” एवढं लेखी विचारून घ्या. सी-प्लेनचा (पाण्यावर उतरणारं छोटं विमान) खर्च नाही कारण आम्ही सी-प्लेनने गेलोच नाही, माले विमानतळापासून स्पीडबोटने गेलो, आणि हे लेखात आहे, फोटोसकट. मुद्दाम जवळचं बेट घेतलं होतं, सी-प्लेन फक्त उजेडात उडतं, संध्याकाळचं विमान असलं की एक रात्र माले किंवा शेजारच्या हुलहुमाले बेटावर काढावी लागते, तो खर्च आणि ती रात्र आम्हाला घालवायची नव्हती. न वाचता आरोप करायचा असला की असं होतं.

गेस्टहाऊसचं पण शेवटच्या परिच्छेदात आहे. माफुशी या गावाच्या बेटाचं नाव घेऊन लिहिलंय की २००९ नंतर गावाच्या बेटांवर गेस्टहाऊसला परवानगी मिळाली आणि बजेट कमी असेल तर तिकडे जा. समुद्र तोच आहे, बरोबर. पण तिथे गाव आहे, शाळा आहे, मशीद आहे, अंगभर कपडे घालून फिरायचं, पर्यटकांचा किनारा वेगळा. ज्यांना तिथली माणसं बघायची आहेत, सकाळी घरगुती मासहुनी (टूना मासा आणि खोबरं) आणि रोशी (तिथली पोळी) खायची आहे त्यांनी जरूर जावं. आम्हाला त्या वेळी माणसं नको होती. माणसांतूनच उठून गेलो होतो आम्ही.

प्रवाळाचा विषय मोठा आहे आणि एका टोमण्यात बसत नाही. १९९८ आणि २०१६ मध्ये समुद्राचं पाणी तापलं तेव्हा मालदीवचं प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरं पडलं, ते गरम पाण्याने, बंगल्यांच्या खांबांमुळे नाही. बंगले जास्त करून लगूनमधल्या, म्हणजे बेटाभोवतीच्या उथळ पाण्यातल्या, वाळूवर असतात. बांधकामाचा, गाळाचा त्रास होतच नाही असं मी म्हणत नाही, पण तुम्हाला खरंच त्याची काळजी असती तर तुम्ही प्रश्न विचारला असता, माझ्या सासऱ्यांपासून सुरुवात केली नसती. यावर जास्त बोलायचं नाही मला इथे.

जाहिरातीचं म्हणाल तर लेखात एजंटचं नाव नाही, रिसॉर्टचं नाव नाही, लिंक नाही. उलट कितीतरी जणांनी नाव विचारलं तरी मी दिलं नाही. मग जाहिरात कोणाची?

अजून एक, आणि हे जरा स्पष्टच बोलते. तुम्ही शेतकरीपुत्र या नावाने लिहिता, चेहरा नाही, खरं नाव नाही. मी माझ्या नावाने लिहिते, माझ्या सासरच्या गावाच्या नावाने लिहिते, आमच्या गल्लीतली माणसं हे वाचतात. तुमची कमेंट माझ्या सासऱ्यांनी पण वाचली, मिस्टरांच्या फोनवर. ते काही बोलले नाहीत, चष्मा काढून ठेवला आणि नवीन रोपांना पाणी सोडायला निघून गेले. ज्या माणसाने वर्षभर नुकसान सोसून पण आम्हाला “जाऊन या, थांबू नका” म्हटलं त्याला तुम्ही सुनेची हौस पुरवणारा ठरवलं. त्यांची माफी मागायची की नाही ते तुमचं तुम्ही बघा. माझी मागायची गरज नाही.

टॅक्सचे आकडे आज रात्रीच मूळ लेखात टाकते, खाली तारीख लिहून. तुमची कमेंट आहे तशी राहील, मी काढणार नाही. खर्चाचं, व्हिसाचं (भारतीयांना उतरल्यावरच फुकट मिळतो, फक्त जायच्या आधी ९६ तासांच्या आत ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो), कोणत्या महिन्यात जायचं ते, जे विचारायचं ते विचारा, तुम्हालाही उत्तर देईन. पण यापुढे घरच्या माणसांवर लिहिलेली कमेंट मी लगेच उडवणार आहे, तुमची असो की कोणाची असो.