राखाडी कोट आणि राजमुद्रा

ड्रेस्डेनमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर एक आजोबा एकटेच राहतात. गेल्या हिवाळ्यात त्यांचं तळघर आवरायला मी मदतीला गेले होते. एका पत्र्याच्या पेटीतून त्यांनी जाड लोकरीचा लष्करी कोट काढला. दगडासारखा राखाडी रंग. कॉलरवरच्या पट्ट्या उसवलेल्या. तेवढ्या जागी कापड अजून गडद होतं आणि तुटलेल्या दोऱ्याची टोकं तशीच वर आलेली. पूर्व जर्मनीच्या सैन्यात सत्तरच्या दशकात त्यांनी अठरा महिन्यांची सक्तीची नोकरी केली, तेव्हाचा तो कोट. म्हणाले, "पहिल्या सुट्टीला हा घालून घरी आलो, तर आई दारातच दोन पावलं मागे सरली. तिचा भाऊ युद्धावर गेला तेव्हा असाच दिसत होता."

ते खोटं नव्हतं. हिटलरचं सैन्य १९४५ मध्ये बरखास्त झालं आणि पुढची दहा वर्षं जर्मनीला सैन्यच नव्हतं. मग दोन सैन्यं उभी राहिली. पश्चिमेत १२ नोव्हेंबर १९५५ला बॉनच्या एका बराकीत पहिल्या १०१ जणांना नेमणूकपत्रं दिली गेली. पुरेसे गणवेश तयार नव्हते, त्यामुळे त्यातले बहुतेक साध्या सूटमध्येच उभे होते. जो गणवेश ठरला त्याचं वळण अमेरिकी, शिरस्त्राणही अमेरिकी घाटाचं. जुन्याची आठवण येऊ नये म्हणून हे मुद्दाम केलेलं होतं, आणि जुन्या सैनिकांना ते मुळीच आवडलं नाही. पूर्वेत उलट झालं. १९५६ मध्ये कम्युनिस्टांनी उभं केलेलं सैन्य रंगा-शिवणीत जुन्या जर्मन सैन्याच्याच वळणावर गेलं, आणि पाय ताठ उचलून चालायची ती कवायतही त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. आमचा फॅसिझमशी संबंध नाही असं रोज सांगणारं राज्य, आणि त्याच्या शिपायाला बघून आई मागे सरते.

पण म्हणून पश्चिमेचं बरोबर होतं असंही मला म्हणवत नाही. तिथे कोट नवा होता, पण आतले अधिकारी बहुतेक जुन्याच सैन्यातले. कर्नल आणि त्यावरच्या हुद्द्यांसाठी प्रत्येकाचा पूर्वेतिहास तपासायला स्वतंत्र समिती नेमावी लागली. १९५७ मध्ये कायदा करून युद्धातली पदकं पुन्हा लावायला परवानगी दिली, मात्र स्वस्तिक काढून. लोखंडी क्रॉसच्या मध्यभागी त्याजागी ओकची पानं आली. मला त्या पदकाकडे बघताना नेहमी वाटतं, पराक्रम तोच, कारण तेच, आणि मधलं चिन्ह तेवढं बदललं, तर नक्की काय बदललं?

हा प्रश्न इथले लोक सत्तर वर्षं स्वतःला विचारताहेत, आणि त्याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो. सैन्याने कोणाचा वारसा सांगायचा याबद्दल इथे सरकारी आदेश आहे; १९६५, १९८२ आणि २०१८ असा तीनदा तो नव्याने लिहिला गेला. हिटलरचं सैन्य एक संस्था म्हणून वारशात बसत नाही, आणि २०१८ पासून आजोबांचं पूर्व जर्मन सैन्यही बसत नाही. बसतात ते २० जुलै १९४४ला हिटलरला मारायला निघालेले त्याच्याच सैन्यातले अधिकारी श्टाउफेनबर्ग आणि त्यांचे साथीदार. ज्या आवारात त्यांना गोळ्या घातल्या, त्याच बर्लिनच्या आवारात २० जुलैला नवे रंगरूट शपथ घेतात. हिटलरशी निष्ठेची शपथ मोडलेल्या माणसापुढे शपथ घ्यायची! इथल्या सैनिकी कायद्यातच लिहिलंय, जो हुकूम पाळल्याने गुन्हा होईल तो पाळायचा नाही. २०२० पासून गणवेशातल्या सैनिकांना रेल्वेचा प्रवास फुकट आहे. समोरच्या बाकावर ठिपक्याठिपक्यांच्या गणवेशातलं विशीतलं पोर झोपलेलं असतं, बाहीवर काळा-लाल-सोनेरी छोटा झेंडा. त्या झेंड्यामागे एवढं सगळं आहे हे आठवून मला बरं वाटतं.

आता आपल्याकडचं. २ सप्टेंबर २०२२ला कोचीत विक्रांत नौदलात आली, त्याच दिवशी नौदलाच्या निशाणावरचा सेंट जॉर्जचा लाल क्रॉस गेला आणि शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. पुढच्या वर्षी ४ डिसेंबरला मालवणात नौदल दिन झाला, आणि महिना संपायच्या आत अ‍ॅडमिरलांच्या खांद्यावरही अष्टकोन दिसू लागला. आमच्या घरात यावरून तेव्हा सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. दादा म्हणतो, गुलामीची खूण पुसली, आणखी काय पाहिजे? आतेभाऊ म्हणतो, खांद्यावरची फीत बदलून काय होतं, पाणबुड्या आणा.

मी दादाच्या बाजूची आहे. दुसऱ्याच्या राजाचा क्रॉस आपल्या जहाजावर इतकी वर्षं राहायला नको होता. २००१ला तो काढलाही होता, पण नवं निळं चिन्ह समुद्राच्या आणि आभाळाच्या रंगात ओळखू येईना म्हणून २००४ला परत आणला. आणि जर्मनांचा संकोच आपण उसना घ्यायचं कारणच नाही, त्यांचं पाप आपलं नव्हे. पण दादाचं बोलणं "खूण पुसली" इथे थांबतं, तिथे माझं पटत नाही.

कारण पुसायचं म्हटलं तर कुठवर? माझे काका मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या पलटणीचं नावच इंग्रजी, आणि रणगर्जना "बोला श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय". माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत जर्मनांशी लढताना पडले. त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसवर इंग्लंडचा मुकुट आहे. काकांना मी फोनवर हे विचारलं. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "अगं, मुकुट त्यांचा. छाती आपली. छाती कशी पुसायची?"

राजमुद्रेची तर गोष्टच वेगळी. "प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता" आपल्याला शाळेपासून पाठ असतं. शेवट आहे "मुद्रा भद्राय राजते". ही मुद्रा कशासाठी, ते तिच्यावरच कोरलंय: लोकांच्या कल्याणासाठी. एवढं स्वच्छ उत्तर देणारं चिन्ह जर्मनांना शोधूनही मिळालं नाही. त्यांना आधी जुनं नाकारावं लागलं आणि मग कुठे स्वतःचं काही सांगता आलं. आपल्याला ते शिवरायांनी लिहून ठेवलेलं मिळालंय, आणि आपण वाद घालतो तो फक्त काय काढलं यावर. ती फीत लावणाऱ्या माणसावर "भद्राय" हा शब्द काय बंधन घालतो, यावर आपल्याकडे कोणी बोलताना मला ऐकू येत नाही.

आजोबांना मी तो श्लोक देवनागरीत लिहून दिला आणि अर्थ जर्मनमध्ये सांगितला. त्यांनी कागद घडी करून कोटाच्या खिशात ठेवला आणि पेटी बंद केली. ३ ऑक्टोबर १९९०ला त्यांचं सैन्य संपलं, त्याच आठवड्यात त्या पट्ट्या त्यांनी स्वतःच्या हाताने उसवल्या होत्या. आईला आधी विचारून, असं म्हणाले.