भेटायला या, परीक्षा घ्यायला नको

आज नात्यातील एका बारशाला आईला घेऊन गेले होते आणि परतताना रिक्षात बसल्यापासून जो राग डोक्यात आहे, तो लिहिल्याशिवाय उतरणार नाही. आम्ही खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच एक आतेभाऊ समोर आले आणि भरल्या घरात मोठ्याने विचारू लागले, "काय मामी, ओळखलंत का? सांगा बघू, मी कोण?" आईने पदर सावरला, त्यांच्याकडे नीट पाहिले आणि हसून विचारले, "तुम्ही जेवलात का?" दोनतीन माणसे हसली. "गेलं सगळं," असा निकालही कोणीतरी देऊन टाकला.

आईला स्मृतिभ्रंश आहे हे त्या घरातील प्रत्येकाला ठाऊक आहे. मग ज्या प्रश्नाचे उत्तर तिला देता येणार नाही, तोच चारचौघांत विचारून काय साधते? आणि गेले तरी काय सगळे? समोरचा कोण हे तिला आठवले नाही, पण हे शुभकार्य आहे, समोर पाहुणा उभा आहे, त्याला जेवणाचे विचारावे आणि आपली अडचण त्याला जाणवू देऊ नये, एवढे सगळे तिने त्या एका वाक्यात सांभाळले. स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर या प्रकारात नव्या आठवणी साठवणारा मेंदूचा भाग सहसा आधी खचतो. वर्षानुवर्षांच्या रीती आणि हातांची सवय पुष्कळ नंतरपर्यंत टिकते. आजही मेथीची जुडी समोर ठेवली की कोवळा देठ कुठे संपतो आणि जून कुठे सुरू होतो हे तिच्या बोटांना बरोबर कळते, आणि पिवळी पाने निघाली की ती भाजीवाल्याचा यथेच्छ उद्धार करते.

आतेभावांनी मायेनेच विचारले असेल, हेही मान्य. पण "मामी, मी अमुक, लहानपणी सुट्टीत तुमच्याकडे यायचो," असे म्हणून ते शेजारी बसले असते तर ती माया तिच्यापर्यंत पोहोचली असती. बारशाला गेलो होतो हे ती दुपारीच विसरली. कोणीतरी आपल्याला हसले, ही बोच मात्र मागे राहिली. दिवेलागणीपासून "मला माझ्या घरी सोड" असा धोशा तिने लावला आहे. या आजारात संध्याकाळी अस्वस्थता वाढते, त्यामुळे सगळेच पाप मी आतेभावांच्या माथी मारणार नाही.

परीक्षा घेणारे केवळ नातेवाईक नाहीत. हयातीचा दाखला आता घरबसल्या मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, ही सोय खरोखर चांगली आहे. पण पैसे काढताना सही जुळली नाही की सगळे अडते. मुखत्यारपत्र, म्हणजे आपले व्यवहार दुसऱ्याने करावेत असा अधिकार देणारा कागद, करून ठेवा, असा सल्ला सगळे देतात. 1872च्या करार कायद्याप्रमाणे ते देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की ते मुखत्यारपत्रच संपते, म्हणजे ज्या दिवसासाठी करून ठेवायचे त्याच दिवशी ते निरुपयोगी. मग आईचे कायदेशीर पालक म्हणून नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढा. 2016च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यांत पार्किन्सनचे नाव आहे, स्मृतिभ्रंशाचे स्वतंत्र नाव नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने देशात साठीपुढील सुमारे 88 लाख लोकांना हा आजार असल्याचा अंदाज दिला. एवढ्या घरांनी आपापले पाहून घ्यावे, अशीच जणू अपेक्षा आहे.

आणि त्या घरांना मिळते काय? "तू किती करतेस गं, मुलगी असून!" (यातील 'असून' कोणत्या हिशेबात बसते, ते मी आज विचारणार नाही.) आई-वडिलांना संस्थेत ठेवणाऱ्यांना जी नावे ठेवली जातात, तीही मला आता ऐकवत नाहीत, ज्याने रात्ररात्र जागून काढलेली नाही, त्याने त्यावर बोलू नये.

मला कौतुक नको आहे, पुण्य तर त्याहून नको आहे. मला माझे दोन तास हवे आहेत. बारशात तुम्ही माझ्याजवळ हळहळलात ते मनापासूनच होते, हे मी जाणते. तेवढाच वेळ आईजवळ बसला असता तर तिने तुम्हालाही जेवणाचे विचारले असते, आणि तुम्ही "हो, जेवलो" म्हणाला असता. दहा वेळा विचारले तर दहा वेळा म्हणायचे, यापलीकडे त्यात काही कौशल्य नाही.

मंगळवारी चार ते सहा मला दातांच्या डॉक्टरांकडे जायचे आहे. ज्यांना जमेल त्यांनी कळवावे. चहा-साखर ओट्यावरच असते. गॅस मात्र मी सिलिंडरपाशी बंद करून जाते, त्यामुळे चहा करायचा असेल तर रेग्युलेटर आधी सुरू करावा आणि निघताना आठवणीने बंद करावा.