स्टाइनमेट्झला ‘फिट’ कोणी ठरवलं असतं?

मी राहतो त्या न्यूयॉर्क राज्यातल्या स्कनेक्टडी शहरात एडिसनच्या शेजारी एका चार फुटी माणसाचा पुतळा आहे. चार्ल्स स्टाइनमेट्झ, जर्मनीतून आलेला वीज-अभियंता. जन्मापासून पाठीला कुबड. वडील आणि आजोबांनाही तेच. 1889 मध्ये तो बोटीने न्यूयॉर्कला उतरला तेव्हा खिसा रिकामा आणि इंग्रजी नावापुरतं. त्याला आल्या पावली परत पाठवणार होते; सोबतच्या मित्राने हमी घेतली म्हणून निभावलं. तीनच वर्षांत त्याने एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणाऱ्या विजेच्या, यंत्रांच्या लोखंडात किती ऊर्जा वाया जाते याचं गणित मांडलं, आणि नुकसानीचा अंदाज यंत्र बनवण्याआधीच कागदावर बांधता येऊ लागला.

बिघडलेल्या यंत्रावर खडूची फुली मारून दहा हजार डॉलर लावल्याची त्याची गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असते. ती सोडा. मला आवडतो तो मोहॉक नदीकाठी होडीत आडवी फळी टाकून आकडेमोड करणारा, घरात निवडुंग आणि मगरी पाळणारा, सतत सिगार ओढणारा स्टाइनमेट्झ. कुबड पुढच्या पिढीत जाऊ नये म्हणून त्याने लग्न केलं नाही. मग प्रयोगशाळेतल्या सहायकाला बायकोसकट घरी राहायला आणलं, रीतसर दत्तक घेतलं आणि नातवंडांत रमला. शहराच्या शिक्षण मंडळाचा अध्यक्ष झाला तेव्हा मुलांना पाठ्यपुस्तकं फुकट मिळू लागली.

आपल्याकडे 2024 मध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रावरून गदारोळ झाला. चौकशी हवीच होती. पण तेव्हापासून वाद एकाच प्रश्नाभोवती फिरतोय: खरा की खोटा, चाळीस टक्के (आरक्षणाला किमान तेवढं अपंगत्व लागतं) की एकोणचाळीस? त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय प्रवेशाच्या एका प्रकरणात सांगितलं, नुसती टक्केवारी पाहून उमेदवाराला बाद करू नका, त्याला अभ्यासक्रम झेपेल का ते तपासा. त्याची चर्चा किती घरांत झाली?

अमेरिकेत सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. बहुतेकांचा आरोग्यविमा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की जुनाट आजारवाल्याच्या पोटात गोळा येतो. मात्र 1990 च्या दिव्यांग हक्क कायद्यामुळे नोकरी देऊ करण्याआधी मालकाला आजार विचारता येत नाही. मुलाखतीत कामाबद्दल बोलतात, सोयीचं नंतर बघतात.

कुणाला वेगळी खुर्ची लागेल, कुणाला डायलिसिसच्या दिवशी सवलत, कुणाला हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) औषधासाठी फ्रिज. प्रमाणपत्रावर टक्केवारीखाली तेवढी एक ओळ लिहायला नवा कायदा कशाला हवा? सरकारी कार्यालयांनी दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय दिलीच पाहिजे, असं आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहेच.