सर, कर्नल मेला!

"सर, कर्नल मेला!" ही हाक प्रॅक्टिकलच्या लॅबमधून दिवसातून दहादा येते, आणि दोन मिनिटं मौन मात्र कोणी पाळत नाही. हा कर्नल सैन्यातला नाही, मुलांचा पायथन कोड चालवणारा. ज्याचा मेला तो तोच सेल, म्हणजे कोडचा चौकोन, पुन्हा चालवतो, कर्नल पुन्हा मरतो, आणि पोरगं तिसऱ्यांदा चालवतं. लिफ्टचं बटण सारखं दाबलं की लिफ्ट लवकर येते, त्याच घराण्यातली ही श्रद्धा.

मुलांच्या लॅपटॉपवर पायथन बसवण्यात अर्धं सत्र संपतं. म्हणून क्लाउडवर एकच मशीन घ्यायचं, त्यावर ज्युपिटरहब (अनेकांना एकाच मशीनवर पायथनची वही, म्हणजे नोटबुक, उघडून देणारी प्रणाली) टाकायचं आणि सगळ्यांना ब्राउझरमधून आत सोडायचं. एकाच मशीनवर भागवणाऱ्यांसाठी 'द लिटलेस्ट ज्युपिटरहब', म्हणजे टीएलजेएच, आहे. नावातच 'लिटलेस्ट' असल्याने मंजुरी देणाऱ्यांना ते फार आवडतं. आपण ३२ जीबी मेमरी मागतो, मिळतात ८. वर ऐकायचं, "माझ्या मोबाइललाही आठच आहे, सगळं चालतं की!" मोबाइलमध्ये वीस जण एकदम लॉगिन करत नाहीत, हे मनातच ठेवायचं.

हिशोब शाळकरी आहे. ८ जीबीतला एक ऑपरेटिंग सिस्टिम आणि हबसाठी बाजूला काढा. उरले ७. बॅच २० जणांची. माणशी ३५८ एमबी आले. त्यातले शंभरेक एमबी नोटबुक सर्व्हर (प्रत्येकाची वही चालवणारा त्याचा स्वतःचा प्रोग्रॅम) नुसता बसून खातो. कर्नल उघडून पांडाज (तक्त्यांसाठी) आणि मॅटप्लॉटलिब (आलेखांसाठी) या लायब्ररी आणल्या की आणखी दीडशेच्या आसपास. एक ओळ न लिहिता अडीचशे गेले, उरलेल्या शंभरात डेटा सायन्स करायचं.

म्हणून पहिलं काम मर्यादा घालण्याचं. टीएलजेएच-कॉन्फिग या सेटिंगच्या आज्ञेने 'लिमिट्स.मेमरी' ५१२ एमबीवर आणा आणि रीलोड करा. जे आधीच आत बसलेत त्यांना ही मर्यादा लागत नाही. त्यांचा सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला की लागते. वीस गुणिले ५१२ म्हणजे १० जीबी, आणि आपल्याकडे ७. हे गणित बघून जबाबदार माणसाला घाम फुटतो, पण फुटायचं कारण नाही. मर्यादा म्हणजे छत, वाटा नव्हे. वीसच्या वीस जण एकाच क्षणी छताला डोकं टेकत नाहीत. सबमिशनची आदली रात्र सोडली तर.

मर्यादा न घालण्याचं धाडस मात्र करू नये, कारण तिथे दुसरा कर्नल येतो. मुलांचा कर्नल म्हणजे त्यांचा पायथन चालवणारी प्रक्रिया. मशीनचा खरा कर्नल लिनक्सचा. मशीनची मेमरी संपली की लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर सोडतो, आणि तो साधारणपणे सर्वात जास्त मेमरी खाणाऱ्याला उडवतो. म्हणजे एका कर्नलने दुसऱ्या कर्नलला मारलं. सैन्यात यावर चौकशी बसते. इथे नोंदीत फक्त 'किल्ड प्रोसेस' उमटतं आणि कुठे कुठे १३७ हा आकडा दिसतो. १२८ अधिक ९, आणि नववा सिग्नल म्हणजे ठार. यात न्यायाचा भाग कमी असतो. एकोणीस जणांनी थोडीथोडी मेमरी अडवली आणि एकाने प्रामाणिकपणे मोठी फाइल उघडली, तर मरतो तो प्रामाणिक. मर्यादा असली की भांडण निदान ज्याचं त्याच्या घरात राहतं.

आता अडवण्याबद्दल. टॅब बंद केला की काम संपलं, असं प्रत्येक विद्यार्थी मानतो. टॅब बंद होतो, कर्नल चालूच राहतो. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा आणि मग चहा प्यायला जायचं ते घरी निघून जायचं, असा हा प्रकार. बी-वन बॅच गेली तरी तिचे रुमाल तसेच, आणि बी-टू दारात उभी. कर्नल मेनूतून शटडाउन करा, असं फळ्यावर लिहून ठेवता येतं. मुलं ते जर्नलमध्ये उतरवून घेतात.

खरा उपाय म्हणजे निष्क्रिय सर्व्हर झाडून काढणारा 'कलर', रंग नव्हे, छाटणी करणारा. दर ६० सेकंदांनी तो फेरी मारतो आणि मूळ ठेवणीनुसार १० मिनिटं निष्क्रिय असलेला सर्व्हर बंद करतो. दहा मिनिटं ऐकायला पुरेशी वाटतात. पण आमच्याकडे आउटपुट जर्नलमध्ये पेनाने उतरवायचं असतं, आणि तेवढ्यात दहा मिनिटं सहज जातात. मान वर केली की "सर, माझं सगळं गेलं." सगळं गेलेलं नसतं. सेव्ह केलेली फाइल डिस्कवर असते, गेलेली असतात ती मेमरीतली व्हेरिएबल्स. सगळे सेल वरून खाली पुन्हा चालवले की परत येतात, फक्त ते मुलांनी वरून खाली लिहिलेले असावे लागतात. प्रॅक्टिकलच्या वेळी मी ही मुदत तासाभराची ठेवतो आणि बॅच बदलताना सर्व्हर हाताने बंद करतो.

मुलं मेमरी कशी घालवतात, हा स्वतंत्र अभ्यासविषय आहे. आधी डीएफ नावाचा पांडाजचा तक्ता, मग डीएफ-वन, डीएफ-टू, डीएफ-फायनल, डीएफ-फायनल-खरंच. बहुतेक वेळा प्रत्येक ही पूर्ण प्रत. डिलीट केलं तरी जागा सुटेलच असं नाही, कारण सेलच्या शेवटी नुसतं नाव लिहून तक्ता पाहिलेला असतो आणि आयपायथन (नोटबुकमागचा पायथन) तो 'आउट' या आउटपुटच्या साठ्यात जपून ठेवतो. '%रीसेट आउट' म्हणेपर्यंत सोडत नाही. जिल्ह्याचा स्तंभ साध्या ऑब्जेक्ट प्रकारात ठेवला तर ओळीमागे ८ बाइटचा नुसता पत्ता, मजकूर वेगळाच. महाराष्ट्रात जिल्हे ३६. तो स्तंभ कॅटेगरी प्रकाराचा, म्हणजे नावाऐवजी क्रमांक ठेवणारा, केला की ओळीमागे १ बाइट पुरतो. फाइल वाचतानाच 'यूजकोल्स' देऊन हवे तेवढेच स्तंभ घ्या, मोठी असेल तर 'चंकसाइझ'ने तुकड्यांत वाचा. १०,००० बाय १०,००० चा नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीतला अ‍ॅरे ८०० एमबीचा होतो. शून्यांचा असेल तर लिनक्स हसतमुखाने हो म्हणतो, कारण तेव्हा तो फक्त शब्द देतो. खरी मेमरी जाते त्यात लिहायला लागल्यावर, आणि मेलेली ओळ भलतीच दिसते.

"स्वॅप वाढवा ना," असं एक हुशार पोरगं दर वर्षी सुचवतं. स्वॅप म्हणजे मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा. वाढवा. ४ जीबीची फाइल, तिला परवानगी ६००, मग एमकेस्वॅप आणि स्वॅपॉन या आज्ञा, आणि एफस्टॅब या सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ. नाहीतर रीबूटनंतर गायब. पण यात एक चोरवाट आहे. आपली मर्यादा अमलात आणतो तो लिनक्सचा सिस्टिमडी, आणि त्याची मेमरी मर्यादा स्वॅप मोजत नाही. ५१२ भरले की मरण्याआधी त्या मुलाच्या मेमरीची पानं स्वॅपमध्ये जाऊ लागतात. एकाने न थांबणाऱ्या लूपमध्ये लिस्ट वाढवत ठेवली की साऱ्या वर्गाचा स्वॅप एकटा पितो. मग मेलं कोणीच नाही आणि जिवंतही कोणी वाटत नाही. एक अक्षर टाइप करायचं आणि ते उमटण्याची वाट पाहायची. त्यासाठी स्पॉनरच्या (प्रत्येकाचा सर्व्हर सुरू करणाऱ्या भागाच्या) जादा गुणधर्मांत 'मेमरीस्वॅपमॅक्स' शून्य करून ठेवावं. त्या एकाचा कर्नल लवकर मरतो आणि बाकीचे एकोणीस टाइप करू शकतात.

मशीनची नाडी पाहताना, मेमरी दाखवणाऱ्या 'फ्री' आज्ञेतला फ्री हाच रकाना वाचून घाबरणारे सहकारीही आहेत. लिनक्स मोकळी मेमरी फाइलींच्या कॅशला वापरतो आणि मागितली की परत देतो. वाचायचा तो शेवटचा रकाना, 'अव्हेलेबल'. आत्ता तो ६१० एमबी दाखवतोय. सव्वाबारा वाजलेत, बी-टू दारात आहे, आणि मागच्या बाकावरून आवाज येतोय, "सर, बंद करू नका, दोनच मिनिटं, अजून लोड होतंय."