ऊट आतेन्री?

मागच्या वर्षीच्या उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची गोष्ट. दुपारी बारा ते तीन, येशूनं वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांची उपासना. एरवी आमच्या चर्चमध्ये मराठी उपासना वेगळी आणि कन्नड वेगळी, पण त्या दिवशी दोन्ही मंडळ्या एकत्र बसतात. पाचवा उद्गार माझ्याकडे होता, "मला तहान लागली आहे." दहा मिनिटं मराठीत बोलायचं आणि तेच पुन्हा कन्नडमध्ये सांगायचं, कारण दुभाषीही मीच. चार पानं लिहून नेली होती.

पुलपिटवर उभी राहिले, उद्गार वाचला, आणि पुढं तोंडच उघडेना. विसरले नव्हते. पानं समोर होती, अक्षरं दिसत होती. पण यातलं काहीच मला आता कुणाला सांगायचं नाही, एवढंच आत वाटत होतं. पंखे गरगरत होते. पहिल्या बाकावरच्या मावशींना वाटलं माझा घसा कोरडा पडला, त्यांनी पाण्याची बाटली पुढं केली. मी पाणी प्याले आणि खाली येऊन बसले. क्वायरनं प्रसंग ओळखून ना. वा. टिळकांचं एक भजन धरलं.

त्या रात्री तीन फोन. एक म्हणाला, हा सैतानाचा हल्ला आहे. दुसरीनं उपास धरायला सांगितलं. तिसऱ्या ताई फार प्रेमानं म्हणाल्या, "वैयक्तिक प्रार्थना कमी पडत्येय का बघ गं." वर्षभर मी हे कुणाला बोलले नाही. आज लिहिते, कारण मंडळीत माझ्यासारख्या आणखी चारजणी मला दिसतात आणि त्यांनाही हेच तीन फोन येणार आहेत.

मी बेळगाव तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते. सीमाभागातल्या मराठी शाळेत शिकवणं म्हणजे काय, ते इथल्यांना सांगायला नको. वर्गात मराठी, वरून येणारं परिपत्रक कन्नडमध्ये, आणि ज्याला दोन्ही बरं येतं त्याच्या टेबलावर सगळा गठ्ठा. मंडळीतही तेच. शनिवारी क्वायर, रविवारी संडे स्कूलचे दोन वर्ग, बुधवारी बायकांची प्रार्थनासभा, मधे दवाखान्यातल्या भेटी. रात्री कुणी वारलं तर पहिला फोन मला. यात माझी चूक नव्हती असं मी म्हणणार नाही. "बाई, तुमच्याशिवाय होत नाही" हे वाक्य मला कुंद्यापेक्षा गोड लागायचं.

मग हळूहळू काय झालं? गीताचे शब्द वाण्याच्या यादीसारखे वाटायला लागले. दुसऱ्यासाठी प्रार्थना करताना डोळे मिटलेले, पण मन घड्याळात. आणि एकदा मंडळीतल्या एका बहिणीच्या आजाराची बातमी आली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला, "आता हीपण?" त्या दिवशी मला स्वतःची भीती वाटली.

याला बर्नआउट म्हणतात हे नंतर कळलं. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं कामातून येणाऱ्या थकव्याची म्हणून त्याची तीन लक्षणं सांगितली: गळून जाणं, कामाबद्दल मन कडू होणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. पण दुखणं जुनं आहे. चौथ्या शतकात मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या वाळवंटात एवाग्रियस नावाचा साधू होता. तो लिहितो की दुपारच्या सुमाराला साधूला एक भूत गाठतं. तो सारखा खिडकीतून सूर्याकडं बघतो, जेवणाच्या वेळेला अजून किती अवकाश आहे ते मोजत बसतो, आणि त्याला आपल्या खोलीचा नि कामाचा वीट येतो. त्यांच्याकडं याला नाव होतं अ‍ॅसिडिया. (आमच्या ह्यांनी ते अ‍ॅसिडिटी ऐकलं आणि गोळी आणून दिली.)

तर त्या शुक्रवारी साडेतीनला मी एकटीच घरी आले. शेजारच्या आक्का कट्ट्यावर बसल्या होत्या. लिंगायत बाई, रोज इष्टलिंगाची पूजा केल्याशिवाय पाणी घेत नाहीत. माझं तोंड बघून त्यांनी एवढंच विचारलं, "ऊट आतेन्री?" जेवण झालं का. इकडं हे विचारणं म्हणजे नमस्कार घातल्यासारखं, त्याला उत्तर 'हो'च द्यायचं असतं. माझ्या तोंडून 'नाही' निघालं. उपास होता ना, सकाळपासून.

"बर्री, ऊट माड्री." या, जेवा.

त्यांनी परातीत जोंधळ्याचं पीठ घेतलं, गरम पाण्यात मळलं. दोन्ही हातांनी गोल थापत गेल्या, थप थप थप. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला. मग उलटून, शेवटी जाळावर धरली तशी टम्म फुगली. शेंगाचटणी, भरलं वांगं, ताक. मी अडीच भाकऱ्या खाल्ल्या. आक्का काही बोलल्या नाहीत, मीही नाही. घरी येऊन झोपले ती रात्री आठला उठले.

दोन दिवसांनी बायबलमधला १ राजे, १९ वा अध्याय उघडला. संदेष्टा एलीया. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरवणारा माणूस, आणि ईजबेल राणीच्या एका निरोपानं जीव घेऊन पळालेला. बैर-शेबा इथं चाकराला मागं ठेवून एकटाच रानात गेला. (थकलेला माणूस आधी सोबतच सोडतो, हे मला आत्ता कळतंय.) झुडपाखाली बसून म्हणाला, देवा, आता पुरे, माझा जीव घे. आणि देवानं काय पाठवलं? वचन नाही, उपास नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. तो जेवला, झोपला. देवदूतानं पुन्हा उठवलं, पुन्हा खायला घातलं. प्रवास तुला झेपणारा नाही म्हणाला. "इथं काय करतोस?" हा प्रश्न देवानं विचारला तो चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर.

हा अध्याय मी लहान मुलांना कितीदा तरी शिकवलाय. वारा, भूकंप, अग्नी आणि मग मंद वाणी, हे फळ्यावर चित्र काढून. भाकरीवर कधी थांबलेच नव्हते.

माझं म्हणणं एवढंच. थकलेल्या माणसाला "विश्वास कमी पडला" असं सांगणं हे अज्ञान तर आहेच, पण दुष्टपणाही आहे. शिष्यांना जेवायलाही सवड मिळेना तेव्हा प्रभूनं त्यांना एकांतात चला, थोडा विसावा घ्या असं सांगितलं. मार्क ६:३१, कुणीही काढून बघा. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसायचा, तेव्हा त्याच्या सासऱ्यानं, इथ्रोनं, त्याला सुनावलं की तूही झिजशील आणि लोकही झिजतील, माणसं नेम. सासऱ्याचं ऐकलं म्हणून मोशेचं काही कमी झालं नाही.

१८२० मध्ये जोसेफ टेलर लंडन मिशनतर्फे बेळगावात आले, पुढं ते काम मेथडिस्ट पंथाच्या मिशनकडं आलं. शाळा, संडे स्कूल, भेटी, सभा हे सगळं आपण मिशनऱ्यांकडून घेतलं. उन्हाळ्यात थंड हवेला जाणं आणि काही वर्षांनी लांब रजेवर मायदेशी जाणं, हे तेवढं त्यांच्याबरोबरच बोटीनं गेलं.

डॉक्टरकडंही गेले, हे मुद्दाम लिहिते. हिमोग्लोबिन ८.६ निघालं. सगळं त्यामुळं नव्हतं, पण काही महिने गोळ्या घेतल्यावर जिना चढून प्रार्थना करण्याइतका दम राहायला लागला. ज्यांना झोपच येत नाही, जगणं नको वाटतं, त्यांनी तर आधी डॉक्टर गाठावा, प्रार्थनासभा नंतर.

पाळकसाहेबांना जाऊन सांगितलं, तीन कामं सोडते. ते गप्प राहिले. मग म्हणाले, "मलाही कुणाला तरी असं सांगायचं होतं." बाहेर मात्र बोलणी खाल्ली. संडे स्कूलचा मोठा वर्ग दोन महिने बंद होता, आता कॉलेजच्या दोन मुली घेतात. माझ्यासारखा घेत नाहीत. मुलं जास्त येतात.

सगळं बरं झालं असं नाही. गाताना पूर्वीसारखं भरून येत नाही अजून. प्रार्थना दोन-तीन वाक्यांची असते. पूर्वी त्याची लाज वाटली असती. पण प्रभूनं वधस्तंभावरून मला तहान लागली म्हटलं तेही दोन-तीन शब्दांतच, आणि आसपास उभ्या असलेल्या, बऱ्याचशा परक्या लोकांसमोर म्हटलं.

यंदा पाचवा उद्गार कन्नड मंडळीतल्या एका तरुणाकडं होता. मी तिसऱ्या बाकावर, मावशींच्या शेजारी. तो भरात येऊन बोलत होता, येशूचा 'दाह', आत्म्याचा 'दाह'. कन्नडमध्ये दाह म्हणजे तहान. आमचा दुभाषी पोरगा नवखा, त्यानं मराठीतही दाहच ठेवला. येशूच्या अंगाचा दाह होत होता म्हणाला. मराठी बाजूची मंडळी माना डोलवू लागली. त्याला शंका आली, त्यानं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं.

मावशी कानाशी लागल्या, "बरोबर सांगितलं का गं त्यानं?"

"चालतंय मावशी."